बिनघड्याळाची खोली

"हिला बसू दे की आत, म्याडम. कोपऱ्यात बसंल. एक शब्द बोलणार न्हाई."

भूपाल चौगुले चाचणीच्या खोलीच्या दारात उभे राहून मला विनवत होते. पंचावन्नचा उंच, हडकुळा माणूस. शर्टाची बटणं एक घर चुकवून लावलेली. त्यांच्यामागं त्यांची बायको त्रिशला होती. ती पुढं झाली, माझ्यादेखत सगळी बटणं काढून तिनं पुन्हा नीट लावली आणि परत मागं जाऊन उभी राहिली. दोघांनाही त्यात काही विशेष वाटलेलं दिसलं नाही.

"तसा नियम नाही," मी म्हणाले. "आत फक्त चाचणी देणारा आणि मी."

"एकट्याला कोंडल्यागत हुतंय वो. वीस मिन्टं तर हाईत."

वीस मिनिटं! हे मला सांगत होते. पेशंटला ही चाचणी आयुष्यात एकदा द्यावी लागते. मी ती दिवसातून पाच वेळा सोसत होते, आणि मला ते काम करायला लागून सहा वर्षं झाली होती.

मिरजेत डॉक्टर हेरवाडकरांचा मानसोपचाराचा दवाखाना होता, दुसऱ्या मजल्यावर. एका जागी न बसणाऱ्या, कशातच लक्ष न लागणाऱ्या मुलांना घेऊन आईबाप यायचे, कुणी सांगलीहून, कुणी पार जतहून. डॉक्टर मुलाशी बोलायचे, आईबापांशी बोलायचे, शाळेकडून फॉर्म भरून आणायला सांगायचे आणि त्याच्या जोडीला ही संगणकावरची चाचणी करायला माझ्याकडं पाठवायचे. चाचणी अगदी साधी. पडद्यावर एक चौकोन येतो आणि क्षणात जातो. त्यातला ठिपका वरच्या बाजूला असला तर हातातलं बटण दाबायचं, खालच्या बाजूला असला तर दाबायचं नाही. बस्स. ना गाणं, ना रंग, ना गुण. पहिली दहा मिनिटं ठिपका क्वचितच वर येतो, त्यामुळं डोळा लागायची पाळी येते. पुढची दहा मिनिटं तो सारखा वर येतो, मग हात आवरणं अवघड जातं. कंटाळा आणणं हेच त्या चाचणीचं काम, आणि ते ती चोख करते.

किती ठिपके सुटले, किती वेळा उगाच बटण दाबलं, दाबायला दर वेळी किती वेळ लागला, हे सगळं संगणक लिहून ठेवायचा. मी मागच्या खुर्चीत गप्प बसायचं. शाब्बास म्हणायचं नाही, खोकायचं नाही. चपला बाहेर, फोन बंद. लक्ष विचलित होऊ नये म्हणून खोलीत कॅलेंडर नव्हतं, आणि भिंतीवरचं घड्याळ तर पहिल्याच वर्षी मी स्वतः स्टुलावर चढून उतरवलं होतं. सहा वर्षांत मी इतकी गप्प बसले होते, की घरी गेल्यावरही तोंड उघडायचा कंटाळा यायचा. नवरा म्हणायचा, "दवाखान्यात काय मौनव्रत घेतलंयस का?"

मोठी माणसं क्वचित यायची, आणि आली तर आपल्या पायानं यायची. चौगुल्यांना त्यांच्या ऑफिसनं पाठवलं होतं. कवठेमहांकाळच्या पलीकडं एका गावात ते वीज सबस्टेशनवर ऑपरेटर होते. लाइनमनला खांबावर चढायचं असलं, की तो आधी ऑपरेटरकडून परमिट घेतो. ऑपरेटर तेवढी लाइन बंद करतो, आणि लाइनमन खाली उतरून परमिट परत देईपर्यंत ती चालू करायची नसते. फेब्रुवारीत एके दिवशी दोन लाइनी बंद होत्या. एकीचं परमिट परत आलं. चौगुल्यांनी दुसरीच चालू केली. तिच्यावर दस्तगीर मुल्ला नावाचा लाइनमन चढलेला होता. तो वाचला, पण दोन्ही हात कामातून गेले.

चौगुले निलंबित झाले. चौकशी बसली, आणि चौकशीच्या साहेबांनी पत्र दिलं की या कर्मचाऱ्याचं लक्ष आणि एकाग्रता तपासून अहवाल आणावा. अहवाल चांगला आला तर पुन्हा त्याच खुर्चीत, नाहीतर पुढचं साहेब बघणार. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. सकाळी डॉक्टर त्यांच्याशी तासभर बोलले होते. विसरायला होतं का, हातातलं काम अर्धवट सुटतं का, लहानपणी शाळेत कसं होतं? प्रत्येक प्रश्नाला चौगुल्यांचं उत्तर एकच, "न्हाई, तसं काय न्हाई." बायको शेजारी बसून मान हलवत होती. मग डॉक्टर दुसऱ्या हॉस्पिटलात राउंडला गेले आणि हे दोघं माझ्याकडं आले.

हे सगळं मला माहीत होतं. तरी मी त्रिशलाबाईंना आत बसू दिलं. लहान मुलांच्या आयांना मी अधूनमधून बसू देत असे, हे एक. आणि खरं कारण म्हणजे मला वाद घालायचा कंटाळा आला होता. मे महिन्यातली दुपारची दोनची वेळ, त्या दिवसातली चौथी चाचणी.

"बसा," मी म्हणाले. "पण हूं नाही की चूं नाही."

ती त्यांच्या मागं, जरा डावीकडं, स्टुलावर बसली. मी तिच्याही मागं, दाराशी. चाचणी सुरू झाली. माझं लक्ष कुठं होतं म्हणून विचारू नका. लक्षाची चाचणी घेणाऱ्या बाईचं लक्ष घरी संपत आलेल्या सिलिंडरवर होतं. पंख्याची घरघर, घड्याळाची टिकटिक, समोर एका माणसाची घामेजलेली पाठ. मी डोळे उघडे ठेवून झोपले होते म्हटलं तरी चालेल.

वीस मिनिटांनी पडदा पांढरा झाला. मी आकडे बघितले. चौगुल्यांचा एकही ठिपका सुटला नव्हता. उगाच बटण दाबलं होतं ते फक्त दोनदा. शाळेत पहिला येणारा पोरगासुद्धा एवढं चांगलं करत नाही.

"पास?" त्यांनी विचारलं.

"यात पास-नापास नसतं. डॉक्टर बघतील."

"पण बरं हाय न्हवं?"

"बरं आहे."

ते बायकोकडं वळले. "बघ! म्हटलं न्हवतं? उगंच माझ्या डोक्यावर खापर फोडत्यात." माणसाच्या चेहऱ्यावरनं दहा वर्षं उतरली होती. "थांबा म्याडम, पेढं आणतो." मी नको नको म्हणेपर्यंत ते चपला घालून जिना उतरलेसुद्धा.

त्रिशलाबाई बाहेर बाकावर जाऊन बसली. मी अहवाल छापायला घेतला. छापताना सगळे आकडे पुन्हा बघायची सवय होती, म्हणून बघितले. आणि मला काहीतरी खटकलं. लक्ष असलेला माणूस ठिपका दिसताच बटण दाबतो. लक्ष नसलेल्याचं काही खरं नसतं, आता घाई तर मग उशीर, मग नाहीच. चौगुल्यांच्या वेळा दोन्हींतल्या नव्हत्या. सगळ्या उशिराच्या, आणि सगळ्या एका मापाच्या. ठिपका आधी दुसऱ्या कुणीतरी बघावा, त्यानं सांगावं आणि मग यांनी दाबावं, अशा.

मग मला टिकटिक आठवली. भिंतीकडं बघितलं. तिथं नुसता खिळा होता.

मी बाहेर गेले. ती बाकाच्या कडेला बसली होती, पर्स मांडीवर, अनवाणी पाय फरशीवर. पायातल्या जोडव्यांकडं मी बघत राहिले. वापरून वापरून खालच्या बाजूनं अगदी पातळ झाली होती.

"त्रिशलाबाई, जरा आत येता?"

ती आत आली. मी दार लावून घेतलं. "मघाशी तुम्ही पाय वाजवत होता?"

"मी?" तिनं मला खुळ्यात काढावं तसं बघितलं. "न्हाई वो. गप बसले हुते की."

खोटं बोलणारी माणसं मी पुष्कळ बघितली होती. ती खोटं बोलत नव्हती. मी तिला पुन्हा त्याच स्टुलावर बसवलं, सरावाची चाचणी लावली आणि स्वतः चौगुल्यांच्या खुर्चीत बसले. "मालक बसलेत असं समजा. फक्त पडद्याकडं बघा."

खाली ठिपका. खाली. खाली. वर.

टक्.

खाली. वर. टक्.

"आता तुमच्या पायाकडं बघा," मी मागं न वळता म्हणाले.

वर ठिपका आला. टक्. मी वळून बघितलं. ती स्वतःच्या पायाकडं, तो दुसऱ्या कुणाचा असावा तसं बघत होती.

"सवय हो," ती म्हणाली. "लगीन झाल्यावर पयल्या वरसातच लागली. पाव्हणं बसल्यात, ह्ये मधीच बोलणं सोडून भलतीकडंच बघाय लागायचे. सगळ्यांच्या म्होरं तोंडानं कसं सांगायचं? मान जातो की माणसाचा. मग मी सैपाकघराच्या दारात हुबी राहून पाय वाजवायची. मालकास्नी बी कळत न्हाई मी वाजवते ते. आपसूक भानावर येत्यात. गावाला वाटतंय, भूपाल चौगुले लई हुशार माणूस."

"आणि कामावर? तिथं काय करता?"

तिनं दाराकडं बघितलं.

"सांगा. मी कुठं लिहून ठेवत नाही."

"फोन," ती म्हणाली. "दर तासाला मीटरचं रीडिंग घ्याचं असतंय त्यास्नी. पाच मिन्टं कमी असताना मी फोन लावायची. कुणाला परमिट दिलं, कुठल्या लाइनचं, ते मला सांगायचे, मी घरात वहीत लिवून ठेवायची. चालू करायच्या आदुगर मला इचारायचे. मी सांगितल्याबिगर बटणाला हात लावायचा न्हाई, असं ठरल्यालं."

"रात्रपाळीलाही?"

"रातपाळीला बी."

"मग तुम्ही झोपत कधी होता?"

"बसल्या बसल्या हुती की डुलकी."

हे ती तक्रार म्हणून सांगत नव्हती. विहिरीला पाणी किती आहे हे सांगावं तसं सांगत होती.

"आणि फेब्रुवारीत?"

"भाचीचं लगीन हुतं, बेळगावच्या पल्याड. जाऊ नका म्हणले न्हाईत. मीच म्हटलं, एक दिस तर हाय. तिथं फोनला रेंज न्हवती."

खाली रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. मी उठून खिडकी लावली. माझ्या हातात छापलेला अहवाल होता, आणि त्यातला एकही आकडा चौगुल्यांचा नव्हता. नियम मी मोडला होता. डॉक्टरांना सांगितलं तर माझं काय होईल, हा पहिला विचार मनात आला, हे लपवण्यात अर्थ नाही. न सांगितलं तर कुणालाच काही कळणार नव्हतं. संगणक म्हणतोय चांगलं, तर चांगलं. संगणकाशी कोण भांडतो?

"आता तिथं फोन न्यायला बंदी केली असेल ना?" मी विचारलं.

"व्हय. अपघातानंतर केली."

"मग कसं करणार होता?"

"कुंपणाबाहीर लिंबाचं झाड हाय. डबा घेऊन जाऊन बसीन म्हटलं. तीन वर्सं तर काढायची. बाईमाणसाला कोण हाकलतंय?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "कागद बरा आलाय न्हवं म्याडम? मग द्या की तसाच सायबास्नी. तुमच्या पाया पडते."

मला तिचा राग आला. माझाही आला. बाहेर झाडाखाली बसून ही पाय कुणाला वाजवून दाखवणार होती? पण मी काही बोलले नाही. सहा वर्षं गप्प बसून तेवढं एक जमायला लागलं होतं. मी अहवाल टेबलावर ठेवला आणि ती त्याच्याकडं बघत राहिली.

"दस्तगीरच्यात मी जाते पंधरा दिसातनं," ती म्हणाली. मी विचारलं नव्हतं. "घरची भाजी, दूध घिऊन जाते. त्याची बायको त्याला भरवती. आंगुळ घालती, दाढी करती, बिडी वडायची तर तोंडात धरती. एकोणतीस वर्साची हाय पोरगी. परवा मी म्हटलं, तू बस जरा, मी भरवते त्याला. तर म्हणली, न्हाई काकू, आता बसले तर उठणं हुणार न्हाई."

बोलता बोलता तिनं पदरानं तोंड पुसलं. रडत नव्हती, नुसतंच पुसलं.

"आमच्यापायी आनी एक बाई जुंपली बघा," ती म्हणाली. "परत घ्या चाचणी. मी बाहीर थांबते."

चौगुले पेढ्यांचा खोका घेऊन आले तेव्हा मी त्यांना सांगितलं की चूक माझी आहे, आत दुसरं कुणी चालत नाही, चाचणी पुन्हा घ्यावी लागेल. ते हसले. "घ्या की! शंभरदा घ्या. आता तर जमलंय मला."

यावेळी माझं लक्ष होतं. पहिली चार मिनिटं त्यांनी बरी काढली. पाचव्या मिनिटाला ते पंख्याकडं बघायला लागले. सहाव्याला मान वळवून स्टुलाकडं बघितलं. स्टूल रिकामं होतं. ठिपका वर आला आणि गेला. पुन्हा आला आणि गेला. ते बटण उलटं करून त्याच्या खालची अक्षरं वाचत होते. मला बोलायची मुभा नव्हती. नववीतल्या पोरांना असं होताना मी शेकडो वेळा बघितलं होतं आणि तेव्हा मला फक्त जांभया यायच्या. पंचावन्नच्या माणसाला होताना बघवत नव्हतं. दहा मिनिटांनंतर ठिपके भराभर वर यायला लागले, तशी त्यांनी धसका घेतल्यासारखं बटण दाबायला सुरुवात केली, वर असो, खाली असो. शर्ट पाठीला चिकटला. शेवटची तीन मिनिटं त्यांनी बटण मांडीवर ठेवलं आणि दाराकडं बघत बसले.

पडदा पांढरा झाला. आकडे मी त्यांना सांगितले नाहीत. त्यांनी विचारलेही नाहीत.

"हिला कुठं पाठवलासा?" एवढंच म्हणाले.

साडेचारला डॉक्टर आले. मी त्यांच्यासमोर दोन्ही अहवाल ठेवले आणि झालं तसं सांगून टाकलं, माझ्या चुकीसकट, जोडव्यांसकट, फोन आणि वहीसकट. डॉक्टर हेरवाडकर फार रागवणारे नव्हते, पण त्या दिवशी त्यांनी चष्मा काढून मला विचारलं, "आज सापडलं म्हणून सांगताय. याआधी किती आया आत बसल्या होत्या, मॅडम?" पुढचे दोन महिने मी जुने अहवाल काढून बघत होते, पण तो वेगळा विषय.

"एकट्या चाचणीवरून मी काही ठरवत नसतो," ते म्हणाले. "बाईंशी बोलायला हवं. बोलवा त्यांना."

त्रिशलाबाई बाकावर नव्हती. खाली गेली असेल, चहाला असेल, असं म्हणून डॉक्टरांनी आधी चौगुल्यांनाच आत घेतलं. मीही तिथंच उभी होते. डॉक्टरांनी सकाळचेच प्रश्न पुन्हा विचारले, आणि यावेळी चौगुल्यांनी खरं सांगितलं. शाळेत मास्तर खिडकीबाहेर बघतो म्हणून मारायचे. बापानं एकदा बैलांच्या पाण्याला पाठवलं तर हे बैल तिथंच सोडून ओढ्यावर मासे बघत बसले. चौथीपासून वडलांनी यांना कामाचं सांगणं सोडून दिलं. कॉलेजची दोन वर्षं अशीच गेली. मग लग्न झालं आणि सगळं सुधारलं.

"कसं सुधारलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"आपसूकच," चौगुले म्हणाले. फोनचं त्यांना माहीत होतं, ते त्यांनी कबूल केलं. पायाचं माहीत नव्हतं. डॉक्टरांनी ते सांगितलं तेव्हा त्यांना आधी पटलंच नाही. मग त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून बघितले. एकावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर.

"म्हंजे ह्यो पयला पेपर हिचा," ते म्हणाले.

"बराचसा," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी समजावून सांगितलं की लक्ष न टिकण्याच्या या त्रासाला एडीएचडी म्हणतात, हे वेड नाही आणि आळसही नाही, लहानपणापासून असतं आणि पुष्कळांचं मोठेपणीही जात नाही. औषध आहे, सवयी लावून घेता येतात, दर महिन्याला यावं लागेल. पण सबस्टेशनच्या खुर्चीसाठी आपण आज हो म्हणू शकत नाही. दुसरं काम द्यावं, असं साहेबांना लिहून देतो.

मला वाटलं ते नोकरीचं विचारतील. ते म्हणाले, "दस्तगीरला काय सांगू, डॉक्टर?"

डॉक्टर पत्र लिहीत होते. त्यांचं पेन थांबलं, आणि थोड्या वेळानं पुन्हा चालू झालं.

पत्र आणि अहवाल एका पाकिटात घालून मी चौगुल्यांच्या हातात दिले. ते पाकीट दोन्ही हातांनी छातीशी धरून, कुणी हिसकावून घेईल अशा घाईनं जिना उतरून गेले. पेढ्यांचा खोका टेबलावर तसाच राहिला. डॉक्टरही गेले.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. चौगुल्यांना पुढं सांगलीच्या स्टोअरला टाकलं, नोकरी टिकली. वर्षभर ते दर महिन्याला औषधाला येत होते, बऱ्याचदा एकटे, आणि बऱ्याचदा चुकीच्या दिवशी. दस्तगीरचे हात काही बरे झाले नाहीत. ते मला चौगुल्यांनीच एकदा सांगितलं, न विचारता, आणि मग बराच वेळ माझ्यासमोर बसून राहिले. चाचणीच्या खोलीत मी त्यानंतर कुणालाही बसू दिलं नाही. आयांनी कितीही तोंडं वाकडी केली तरी.

पण त्या संध्याकाळचं अजून राहिलं. सव्वासहाला मी खोल्या बंद करायला लागले. चपलांच्या स्टँडवर माझ्या चपलांशेजारी अजून एक जोड होता, पट्टा शिवलेला. मी दोन वेळा बघितला तेव्हा लक्षात आलं. फायलींच्या कपाटामागं एक मोडका बाक टाकून दिलेला होता. तिथं अंधार असायचा आणि जरा गार असायचं. त्रिशलाबाई त्याच्यावर झोपली होती. उशाला पर्स, पाय पोटाशी घेतलेले, तोंड उघडं. घोरत होती.

मी दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा खांदा हलवला, तशी ती दचकून उठली.

"किती वाजलं? ह्ये कुठायत?"

"गेले," मी म्हणाले. "तास झाला. तुम्ही त्यांना खालीच भेटाल असं वाटलं मला."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिला कळलं.

"मला इसरून गेले," ती म्हणाली. रागानं म्हणाली की हसू आवरून म्हणाली, मला आजही सांगता यायचं नाही.

"फोन लावा त्यांना. स्टँडवरच असतील अजून."

तिनं पर्समधून फोन काढला. माझ्या सांगण्यावरून दुपारी बंद केलेला, तो तसाच बंद होता. तिनं तो हातात फिरवला आणि परत पर्समध्ये ठेवला.

"कागदावर काय लिवलं डॉक्टरनी?"

"खुर्ची नाही. दुसरं काम द्या म्हणून लिहिलंय."

"म्हंजे आता रातपाळी न्हाई."

"नाही."

मी किल्ल्या हातात घेऊन उभी. दिवसभर बसून बसून पाठ धरली होती, घरी नवऱ्यानं दोनदा फोन केला होता, आणि मला त्या बाईला जिन्यावरून खाली नेऊन रिक्षात बसवून मोकळं व्हायचं होतं.

"आमच्याकडची शेवटची गाडी कितीला हाय?" तिनं विचारलं.

"आठला."

"मग सातला मला उठवा," ती म्हणाली, आणि भिंतीकडं तोंड करून पुन्हा आडवी झाली. दोन मिनिटांत तिचं घोरणं सुरू झालं.

मी किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि समोर स्टूल ओढून बसले. सात वाजले. मी उठवलं नाही. साडेसातला उठवलं.